शंभरात बावन्न

ऑर्विलच्या कपाळावर, भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर, एक आडवी रेषा होती. रेषेच्या खालची कातडी उन्हावाऱ्यानं तांबूस झालेली, वरची उकडलेल्या बटाट्यासारखी पांढुरकी. पट्टी लावून आखावी इतकी ती सीमा सरळ होती. बर्नाडेट प्रुस्की गाडीची काच खाली करून, ओळखपत्र पुढे धरून बसली होती. ही काही नवी खूण नाही, एक नेहमीची वस्तू तिथं नाहीये, हे तिच्या ध्यानात यायला तीन-चार सेकंद लागले. फाटकावरच्या ऑर्विलनं आज टोपी घातली नव्हती. मिलर्स या बास्केटबॉल संघाची निळी टोपी, कडेला गव्हाची पिवळी ओंबी. अकरा वर्षं ती त्याच्या डोक्यावर तिनं पाहिली होती, बर्फात कानपट्टीवरून ओढलेली, ऑगस्टात मागं सरकवलेली. "टोपी कुठंय, ऑर्विल?" तिनं विचारलं. विचारायला नको होतं. "धुवायला टाकलीय, मिस प्रुस्की," तो ओळखपत्राकडे बघत म्हणाला. "सोमवार ना. बायको सोमवारी धुणं काढते." आणि त्यानं आडवा दांडा वर केला. गाडी आत घेऊन, ठरलेल्या जागी लावून, इंजिन बंद केल्यावरही ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. ऑर्विलची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. बर्नाडेट स्वतः मातीला गेली होती. पाऊस होता, आणि नंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांनी उभ्यानं बटाट्याचं सॅलड खाल्लं होतं. घाईत खोटं बोलणारा माणूस हाताला येईल ते उचलतो, आणि ऑर्विलच्या हाताला ती आली होती. एका टोपीसाठी त्याला मेलेल्या बायकोला धुण्याला बसवावं लागलं, ते केवळ समोर संघाचे आकडे मांडणाऱ्या आपण होतो म्हणून, हे बर्नाडेटला स्पष्ट कळलं.

वारा तळ्याकडून होता. असा वारा असला की बफेलो शहरभर कारखान्यात भाजलेल्या ओटचा वास भरतो. लहान मुलांच्या सकाळच्या न्याहारीचा, गोडसर, निरुपद्रवी वास. जिना चढताना तो वास तिच्या मागोमाग आला. दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीतून नदी दिसायची आणि नदीकाठची धान्याची जुनी उंच कोठारं, ज्यांतली निम्मी रिकामी होती. टेबलावर एकच कागद. त्या कागदावर जे होतं ते गेले चार आठवडे तेच होतं. ती रोज सकाळी त्याच्यापुढे बसत होती, आणि रोज संध्याकाळी तो तसाच उपडा घालून घरी जात होती.

नियम सोपा होता, कुणालाही सांगता येईल इतका. जूनमध्ये लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात, एकामागून एक. कुणी आधी निवडायचं हे मे महिन्यात, हवेनं उसळणाऱ्या चौदा पिंगपाँगच्या चेंडूंवर ठरतं. मोसमात सर्वांत जास्त हरलेल्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, शंभरात चौदा. पहिल्या चारांत कुठंतरी लागण्याची संधीही तिघांना सारखीच, शंभरात बावन्न. त्यात न लागल्यास तळाच्या संघाला पाचवी जागा, इतर दोघांना त्याहून खालचीही. अगदी तळाच्या संघाला मात्र लीगनं गेल्या वर्षापासून एक जास्तीचा हक्क दिला होता. सोडतीच्या आदल्या दिवशी, दुपारी बारा वाजता, त्यानं सांगायचं: आम्हाला सोडत नको, चौथी जागा द्या, नक्की. सांगितलं नाही तर तो सोडतीत गेला असं धरायचं. यंदा ब्याऐंशी सामन्यांत सतरा विजय मिळवून मिलर्स तळाला होते, आणि आज तो सोमवार होता.

आणि यंदा मुलं चार होती. पहिला ऑगस्टीन ब्रूसार, एकोणीस वर्षांचा, लुइझियानाचा, सात फूट उंच. इतका उंच माणूस ज्या वळणावर अडखळायला हवा तिथं तो पाण्यासारखा वळायचा. असं मूल पंधरा वर्षांत एकदा येतं. दुसरा आणि तिसरा चांगले. चौथा टोबायस लिंड, मिनेसोटाचा, गप्प, अचूक. दहा-बारा वर्षं इमानानं काम करील असा. त्याच्या नावाचा शर्ट घालून कुणी आपल्या पोराला खांद्यावर बसवून आणणार नाही, पण तो असला की संघ चालेल. लिंडनंतर कडा तुटलेला. पाचवा काय, सातवा काय, यंदा सारखेच. संघाच्या मालकीणबाई, मिसेस ऑर्डवे, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, फ्लोरिडात असायच्या. त्यांनी मार्चमध्ये कळवलं होतं की पुढच्या वर्षी लोक कुणाला बघायला येणार ते मला ऑगस्टच्या आत सांगा, नाव नसेल तर मी विकते. घेणारा तयार होता. दूर वाळवंटात त्याचं कोरं करकरीत क्रीडागृह रिकामं उभं होतं. मिलर्स तिकडे गेले असते; मिलर्स म्हणजे दळणारे, हे नावसुद्धा बदललं असतं, कारण तिथं कुणी दळत नाही आणि काही पिकत नाही.

तेव्हा गणित असं: ब्रूसार मिळाला तर संघ इथं राहतो. लिंड मिळाला तर बहुधा एक वर्ष मिळतं. पाचवा क्रमांक आला तर ऑगस्टमध्ये सगळं संपतं. बर्नाडेटनं चाळीस वर्षांच्या निवडींवरून प्रत्येक जागेचं मोल काढलं होतं, त्यावर या चौघांचं वजन चढवलं होतं, सोडत संगणकावर दहा लाख वेळा काढून पाहिली होती. नक्की चौथ्या जागेचं मोल एकतीस पूर्णांक दोन. सोडतीचं एकतीस पूर्णांक सहा. फरक शून्य पूर्णांक चार. आणि तिच्या पद्धतीतली चूक, दोन्ही बाजूंनी, चार. म्हणजे फरकाच्या दसपट चूक. विद्यापीठात असताना असा निकाल घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला ती शांतपणे म्हणायची, "याचा अर्थ, तुला काही सापडलेलं नाही." त्या काळात या वाक्याची तिला कधी भीती वाटली नव्हती.

दार न वाजवता कॉर्नेल हॅथर्न आत आला. संघाचा व्यवस्थापक, एके काळचा खेळाडू. प्रत्येक चौकटीखाली सवयीनं मान झुकवायचा, चौकट उंच असली तरी. "काय प्रोफेसर, ठरलं?" "नाही." "साडेतीन तास राहिले." "तीन तास चाळीस मिनिटं." कॉर्नेल खुर्चीत बसला, दुखरा गुडघा हातानं उचलून सरळ केला. "हे असं. वेळ विचारली तर मिनिटासकट. निर्णय विचारला तर चार आठवडे." ती म्हणाली, "तू सांग ना मग. व्यवस्थापक तू आहेस." "मी सांगितलं होतं बाईंना. सोमवारी म्हणालो सोडत, गुरुवारी म्हणालो चौथी. बाई म्हणाल्या, मिस्टर हॅथर्न, तुम्ही माणूस आहात की झोपाळा? त्या आकडेवाल्या मुलीला बोलू दे." "मी त्रेपन्न वर्षांची आहे, कॉर्नेल." "चौऱ्याऐंशीवरून बघितलं तर मुलगीच." तो हसला, मग हसू तसंच ठेवून त्यानं कागद आपल्याकडे वळवला आणि पुन्हा तिच्याकडे सरकवला. "तीन वर्षं आपण तुझ्या कागदावर हरलो. मी तक्रार करत नाही, मी सही केली, मीच सगळ्यांना सांगितलं, आज हरा म्हणजे उद्या उगवेल. पण आता आकडे तुझे, तर तोंडही तुझंच. बाराला फोन येईल, मी बाजूला बसेन. पाणी हवं तर देईन. एवढंच." दारातून जाताना थांबून म्हणाला, "सकाळी बेकरीतल्या बाईनं मला सुट्टे परत दिले ना, ते तळहातावर दिले नाहीत. काउंटरवर ठेवले. वीस वर्षं तळहातावर देतेय."

तो गेल्यावर खोलीत त्याच्या गुडघ्यावरच्या मलमाचा वास राहिला, कापरासारखा. कोच ग्लेन दुदेकच्या अंगालाही हाच वास यायचा, आणि त्या वासाबरोबर ती नको तिथं जाऊन पोचली. फेब्रुवारी. त्याच्याही आधी, ती पंधरा वर्षांची असताना. सेंट कासिमिरच्या शाळेत दुदेक व्यायामाचे मास्तर होते, आणि बास्केटबॉलमध्ये निवड न झालेल्या एका हाडकुळ्या मुलीच्या हातात त्यांनी वही दिली होती. "बर्नी, तुला नेम नाही, पण डोळा आहे. कोण कुठून मारतं ते लिहून ठेव." तिची पहिली सारणी ती. पुढं ती गणितात डॉक्टर झाली, आणि ते चढत चढत मिलर्सचे प्रशिक्षक झाले. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच तिला इथं आणलं: "माझ्या डोळ्याला आता चष्मा लागलाय, तुझा दे." यंदा फेब्रुवारीत दुदेकचा संघ सलग चार सामने जिंकला. कुणालाच अपेक्षा नव्हती. चौथ्या रात्री क्रीडागृहात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असूनही असा गजर झाला की तिच्या हातातल्या कागदी पेल्यातलं पाणी थरथरलं. लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. तिच्या बाजूला बसलेली एक म्हातारी तिचा हात दाबून म्हणाली, "बघ गं, बघ!" आणि बर्नाडेट मान खाली घालून हिशेब करत होती. पाण्यात बुडणाऱ्याच्या कानात जसा वरचा आवाज येतो तसा तो गजर तिच्या कानात येत होता. आपण आता तळापासून तिसरे. असंच चाललं तर तळाचा हक्क जाईल.

दुसऱ्या दिवशी तिनं एका पानाचा कागद लिहिला. त्यात दुदेकचं नाव नव्हतं. तिनं एवढंच लिहिलं होतं की या मोसमातला प्रत्येक पुढचा विजय आपल्याला नक्की जागेच्या हक्कापासून किती दूर नेतो. एक स्तंभ, आठ ओळी. कॉर्नेलनं तो वाचला, मिसेस ऑर्डवेंना वाचून दाखवला. एकोणीस तारखेला दुदेकना बोलावून घेतलं, आणि पाऊण तासानं ते एका खोक्यात जोडे आणि शिट्ट्या घेऊन जिना उतरले. तिच्या दारावरून जाताना त्यांनी दोन बोटं कपाळाला लावून सलाम केला, शाळेत करायचे तसा. त्यांना कागद माहीत होता की नाही, हे तिनं कधी विचारलं नाही. त्यानंतर मिलर्स हरत राहिले, नीटनेटके, आणि मोसमाच्या शेवटी तळाला पोचले. पण मार्चमध्ये एके सकाळी, मोरीत उभी राहून दात घासताना, तोंडात फेस असताना, तिला ती गोष्ट दिसली जी तिला पहिल्यापासून ठाऊक होती. ठाऊक असणं वेगळं, दिसणं वेगळं. सोडतीतली संधी तिन्ही संघांना सारखीच. दुदेक राहिले असते, आणखी चार-सहा सामने जिंकले असते, मिलर्स तळापासून तिसरे राहिले असते, तरी ब्रूसारची संधी तीच होती: शंभरात चौदा. पहिल्या चारांची तीच: शंभरात बावन्न. तळाला जाऊन जे एक मिळालं ते फक्त हे, बारा वाजता "चौथी" म्हणण्याचा हक्क. म्हणजे आज ती सोडतीत गेली, तर दुदेकना ज्याच्यासाठी घालवलं ते तिनं फुकट टाकलं असं होणार होतं. तिचा कागद, तो स्तंभ, त्या आठ ओळी, सगळं फुकट. आणि चौथी म्हणाली, तर ती का म्हणाली हे तिचं तिलाच कधी कळणार नव्हतं: लिंडसाठी, की आपला फेब्रुवारीतला कागद बरोबर ठरावा म्हणून. गेलेल्या गोष्टीची किंमत पुढच्या निवडीत धरू नये, हे तिनं विद्यापीठात दहा वर्षं मुलांना शिकवलं होतं, फळ्यावर, पेलाभर सांडलेल्या दुधाचं उदाहरण देऊन. दुदेक म्हणजे काही सांडलेलं दूध नव्हते. त्यांना काखेत खोकं सांभाळत जिना उतरावा लागला होता.

साडेदहा वाजले. तिनं कागद उलटा केला, सुलटा केला. एकतीस पूर्णांक दोन. एकतीस पूर्णांक सहा. बाहेर नदीवरून एक लांब जहाज इतकं हळू चाललं होतं की एका कोठाराच्या कडेशी डोळे रोखून धरल्याशिवाय ते हलतंय हे कळत नव्हतं. ताता असंच घड्याळाकडे बघत बसले होते. तिचे वडील लॅकावाना गावच्या पोलाद कारखान्यात कोळशाच्या भट्टीवर होते. गावात दोरीवरचे कपडे वाळता वाळता तांबूस व्हायचे, आणि आई म्हणायची, हा रंग आहे तोवर भाकरी आहे. ती अकरा वर्षांची असताना कारखाना बंद व्हायचा ठरला. माणसांना दोन वाटा दिल्या. इंडियाना राज्यातल्या कारखान्यात जागा, दोन पायऱ्या खालची, पण नक्की. शुक्रवारी चारच्या आत सांगायचं. नाहीतर इथंच थांबायचं. एक लहान विभाग पुन्हा सुरू होणार होता आणि जुन्या चारशे माणसांतून साठ जणांना बोलावणार होते. आई म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नका." ताता काही बोलले नाहीत. बर्नाडेट शाळेत नुकतीच शेकडेवारी शिकली होती. ती वहीचं पान घेऊन गेली. "ताता, साठ भागिले चारशे. शंभरात पंधरा!" उत्तर बरोबर आल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. तातांनी पान हातात घेतलं, बराच वेळ बघितलं. "शंभरात पंधरा," ते म्हणाले. "पोरी, हे जास्त की कमी?" ती गोंधळली. पुस्तकात तसा प्रश्न नव्हता. "पंधरा म्हणजे पंधरा, ताता," ती म्हणाली, आणि ते हसले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर आपला जड, खरखरीत हात ठेवला.

त्या शुक्रवारी तीन वाजता ताता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. पुढ्यात राईचा पाव आणि चिरलेला कांदा. टेलिफोन भिंतीवर, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर. आई एकदाच म्हणाली, "यानूश?" आणि मग बाहेर जाऊन दोरीवरचे कपडे काढू लागली, वाळले नव्हते तरी. घड्याळात चार झाले, सव्वाचार झाले. तातांनी पावाचा तुकडा तोडून तोंडात टाकला. ते नाही म्हणाले नव्हते, हो म्हणाले नव्हते, काहीच म्हणाले नव्हते. त्यांच्या वतीनं घड्याळानं सांगितलं होतं. बोलावणं आलं नाही. नऊ वर्षं त्यांनी एका गोदामावर रखवालदारी केली आणि शनिवारी चर्चचं सभागृह झाडलं, आणि त्या नऊ वर्षांत कधीही, दारू प्यालेले असतानासुद्धा, ते म्हणाले नाहीत की मी चुकलो. कसे म्हणणार? त्यांनी काही केलंच नव्हतं. लहानपणी तिला हा त्यांचा मोठेपणा वाटायचा. आज अकराला दहा कमी असताना, ओटच्या गोड वासात, तिच्या मनात आलं की सोडतीत जायला आपल्यालाही काही करावं लागणार नाही. फोन येईल, आपण गप्प बसू, झालं. त्या विचारानं तिला इतकं हलकं वाटलं की ती दचकली. थंडीनं गारठलेल्या माणसाला शेवटी ऊब वाटू लागते म्हणतात, तशी ती ऊब होती.

तिनं दुदेकना फोन लावला. सहा वेळा घंटा वाजली. "कोण? बर्नी?" "हो, कोच." "फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. कुणी गेलं की काय?" "नाही." "मग तुला हाकललं?" "नाही, अजून नाही." "मग थांब, बादली खाली ठेवतो." फोनमध्ये पत्र्याचा आवाज, मग मोठ्या रिकाम्या खोलीतला प्रतिध्वनी. ते सेंट कासिमिरच्या व्यायामशाळेत होते, फरशी पुसत. दुपारी मुलींचा सराव घेत होते म्हणाले. "बारा वर्षांच्या पोरी. एकीला डावा हात आहे हेच माहीत नव्हतं. बोल." तिनं सांगितलं. पाठ केल्यासारखं, एकही शब्द न गाळता: कागद तिचा होता, स्तंभ तिचा होता, आणि आज सोडतीत गेलो तर तळाला जाण्याचा काडीचा उपयोग नव्हता, ते आणखी सामने जिंकले असते तरी चाललं असतं. कुठंतरी नळ ठिबकत होता. "म्हणजे मला फुकट काढलं," दुदेक म्हणाले. "हो." "आणि चौथी घेतली तर?" "तर त्यासाठी काढलं, असं होईल." "अच्छा. आणि तुला वाटतं तेवढ्यानं मला बरं वाटेल." "तुम्हाला नाही. मला वाटेल. तीच तर भीती आहे."

ते हसले, खोकल्यासारखं. "बर्नी, कागद तुझा होता ते मला त्याच दिवशी कळलं. एवढी नीट आखलेली ओळ त्या इमारतीत दुसरं कोण काढणार? मी वर येऊन तुझ्यावर ओरडणार होतो. मग आठवलं, वही मीच दिली होती." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "एक विचारू? त्या चौथ्या रात्री, आपण जिंकलो तेव्हा, मी वर तुझ्याकडं बघितलं. सगळे उभे, आणि तू मान खाली घालून बसलेली. मला वाटलं, हिला बरं नाहीये. मी कुणालातरी म्हणालोही, जरा वर जाऊन बघा रे." "मी मोजत होते, कोच." "माहीत आहे. आता माहीत आहे." त्यांनी फडकं बादलीत पिळल्याचा आवाज आला. "ऐक. मला काढलं फेब्रुवारीत. तू आज काहीही म्हण, ते फेब्रुवारीतच राहणार. मला तुझ्या बेरजेत घेऊ नको. मी नाहीये तिथं. मला हाकललंय, विसरलीस का?" "तुम्ही काय म्हणाला असतात, बाराला?" "मी? मला कुणी विचारलंच नसतं. मी जिंकत होतो." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "माफी मागायला फोन केलास की मी ठरवून द्यावं म्हणून?" तिनं खरं ते सांगितलं: "दोन्ही." "माफी आहे. दुसरं नाही. ठेवतो, फरशी वाळतेय आणि डाग राहतात."

बाराला चार मिनिटं कमी असताना ती कॉर्नेलच्या खोलीत गेली. त्यानं खरोखरच पाण्याचा पेला भरून ठेवला होता. दोघं फोनच्या दोन बाजूंना बसली. कॉर्नेलच्या कानशिलावरची एक शीर दिसत होती, सेकंदाला सव्वा ठोका, म्हणजे मिनिटाला पंचाहत्तर. बसलेल्या माणसाला जरा जास्त. "प्रोफेसर," तो हळूच म्हणाला, "ब्रूसारला सोडलं ना, तर या गावात कुणी आपल्याला मातीलासुद्धा येणार नाही." "आणि पाचवा आला तर?" "तर चेंडूंना शिव्या घालतील." फोन वाजला. लीगच्या अधिकाऱ्याचा आवाज तरुण, नम्र, वाचून दाखवणारा. त्यानं संघाचं नाव वाचलं, तारीख वाचली, नियम वाचला. मिसेस ऑर्डवेंच्या वतीनं बोलण्याचा अधिकार बर्नाडेट प्रुस्की यांना आहे, बरोबर? "बरोबर." मग तो म्हणाला, "आता साठ सेकंद. या वेळात निवड सांगितली गेली नाही, तर संघ सोडतीत सहभागी आहे अशी नोंद होईल. सुरू."

चेंडूंना शिव्या घालतील. कॉर्नेल सहज बोलून गेला, आणि बर्नाडेटच्या डोक्यात, चार आठवडे जिथं दोनच आकडे एकमेकांवर आदळत होते तिथं, एकदम मोकळी जागा झाली. म्हणून ती ऊब वाटली होती. तीन वर्षं तिनं लोकांना संधी विकली होती; शंभरात इतके, शंभरात तितके; आणि संधी विकणाऱ्याला कधी उत्तर द्यावं लागत नाही, कारण जे घडतं ते चेंडू घडवतात. सोडतीत पाचवी जागा आली तर ती सगळ्यांबरोबर मान हलवून हळहळेल. चौथी म्हणाली तर हळहळायला कुणी तिच्या बाजूला नसेल. मार्चमध्ये तिनं ब्रूसारला सराव करताना पाहिलं होतं. चेंडू हातात आला की तो आधी तो कानाशी नेऊन हलवायचा, आत काही आहे का बघितल्यासारखं, आणि मग स्वतःशीच हसायचा. ते हसू या गावात येण्याची शंभरात चौदा एवढी वाट अजून उघडी होती, आणि ती बंद करणारा हात तिचा असणार होता. उद्या संध्याकाळी सोडत होईल, ब्रूसार कुणाला तरी मिळेल, आणि इथला प्रत्येक माणूस मरेपर्यंत म्हणेल की तो आपला होता. तो आपला नव्हता हे तिला सिद्ध करता येणार नाही. लिंड येईल, वेळेवर येईल, वेळेवर जाईल. म्हातारी मालकीण एक वर्ष थांबेल किंवा थांबणार नाही. एका वर्षात काय होतं? एका वर्षात माणसं पुन्हा जिंकायला शिकू शकतात, किंवा शिकत नाहीत. शून्य पूर्णांक चार. तिला काही सापडलेलं नव्हतं. ज्यात काही सापडत नाही तिथंच तर माणसाला बोलावं लागतं. सापडलं असतं तर कागदच बोलला असता. हेसुद्धा कदाचित दुदेकसाठीच मनानं रचलेलं असेल. असेल. ते उकलायला साठ सेकंद पुरणार नव्हते, साठ वर्षंही पुरली नसती.

"तीस सेकंद," आवाज म्हणाला.

कॉर्नेलनं पेला तिच्याकडे सरकवला. तिनं तो घेतला नाही. तोंडात ओटची गोड चव होती. गप्प बसणं किती सोपं होतं, ते भिंतीवरच्या टेलिफोनपासून एका हाताच्या अंतरावर बसून राहण्याइतकं सोपं होतं, आणि तिचं सगळं शरीर, घशापासून पावलांपर्यंत, त्या सोपेपणाकडे कलंडत होतं. "पंधरा." कॉर्नेलनं डोळे मिटून घेतले. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत असेल, नाहीतर प्रार्थना करत असेल. तिनं श्वास घेतला, आणि तो श्वास इतका मोठा होता की तो फोनमध्ये ऐकू गेला असावा, कारण पलीकडचा तरुण आवाज थबकला.

"चौथी," ती म्हणाली.

"माफ करा मॅडम, नोंदीसाठी पूर्ण वाक्य लागेल. जरा मोठ्यानं."

"मी बर्नाडेट प्रुस्की," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच शाळेच्या वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसा उंच, उघडा ऐकू आला. "मिलर्स सोडतीत जाणार नाहीत. आम्ही चौथी जागा घेतोय. हे मी ठरवलंय."